उंदरांची खोली

काल एका दुकानात पिंजऱ्यातले पांढरे उंदीर दिसले आणि ओलसर भुशाचा तो वास आला. क्षणभर मी आईजवळ जाऊन पोचले.

गावाबाहेरच्या सर्पोद्यानात सापांच्या खाण्यासाठी उंदीर वाढवायचं काम आई करायची. शाळा सुटली की मी तिथं जाई. डोळे न उघडलेली गुलाबी पिल्लं उचलण्याआधी ती तळहात घासून उबदार करायची. मोठे झालेले उंदीर सापांकडे दुसरंच कुणी नेई. तेव्हा ती पाठ फिरवून बसायची.

एकदा कुणीतरी गाडीखाली जखमी झालेली धामण आणली. ती काही केल्या खाईना. शेवटी आईनंच एक उंदीर निवडला आणि तिच्यापुढे सोडला. धामणीनं तो गिळला. आई काचेपाशी उभीच राहिली.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं. पण ती जगेल गं आता."

एका जिवावर दुसरा जगतो, हे तिला रोजच दिसत होतं. ते आपल्या हातून घडणं वेगळं असावं. त्या संध्याकाळी घरी येताना, मी चांगली मोठी झालेली असूनही, तिनं माझं बोट धरलं होतं.