रुखसारच्या सात चिठ्ठ्या

रुखसार गेल्याचं मला गौरीने फोन करून सांगितलं. बुधवार होता, दुपारची वेळ, मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत डबा उघडत होते. अकरा दिवसांचा ताप... आणि संपलं. गौरी रडत होती. आणि माझ्या मनात, खरं लिहायचं तर, पहिला विचार आला तो हा, की रुखसारच्या भावाने मनमाडहून गौरीला फोन केला, मला का नाही? लाज नंतर वाटली. आधी हेच वाटलं. त्याला आता सात आठवडे झाले.

आम्ही चौघं दर रविवारी सकाळी निखिल आणि त्याची बायको गौरी यांच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये जमायचो आणि एक खेळ बनवायचो. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन जेवणाच्या टेबलाभोवती बसून खेळायचा. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. निखिल गोष्ट सांगायचा. योद्धा, वैदू, चोर असे पात्रांचे प्रकार असतात, त्यांना आम्ही क्लास म्हणतो, आणि कुठल्या क्लासला काय जमतं, त्यासाठी त्याला काय मोजावं लागतं, हे कुणीतरी बसून लिहावं लागतं. ते मी लिहायचे. मी चार माणसांत फारशी बोलत नाही. पण नियमातली चूक मला सगळ्यांच्या आधी दिसायची. निखिल म्हणायचा, "हिला दाखवा आधी." त्या एका वाक्यावर माझा पुढचा आठवडा निघायचा.

मग दोन वर्षांपूर्वी रुखसार आली. रेल्वे वर्कशॉपमधल्या फिटरची मुलगी, मनमाडच्या मराठी शाळेत शिकलेली. नाशिकला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीसाठी रोज ये-जा करायची, आणि रविवारी सुट्टी असूनही आमच्यासाठी तीच सकाळची गाडी पकडायची. कधी रिकाम्या हाताने आली नाही. पेरू, स्टेशनबाहेरचे समोसे, काहीच मिळालं नाही तर कोथिंबिरीची एक जुडी. मी याच शहरात राहून त्या घरी कधी काही नेलं नव्हतं. मित्रांकडे कसली औपचारिकता, असं मला वाटायचं. माझी शाळा कॉन्व्हेंट, हे कळल्यापासून ती मला "मॅडम" म्हणायला लागली. इंग्रजी नियमपुस्तकं ती डिक्शनरी शेजारी ठेवून वाचायची, आणि माझ्यापेक्षा नीट वाचायची.

निखिलला खेळात मनाच्या शक्तीचे क्लास हवे होते. मंत्र नाही, जडीबुटी नाही, नुसत्या मनाने दुसऱ्याच्या मनात शिरणारी पात्रं. एक क्लास मी लिहायचा, एक रुखसारने. मी दीड महिना घेतला. माझ्या "मनोवेधी"ला वीस पातळ्या होत्या आणि तीन तक्ते. आमच्याकडे एक पद्धत होती. ज्याने क्लास लिहिला त्याने पहिल्या चाचणीत खेळायचं नाही, आणि बोलायचंही नाही. फ्रीजजवळच्या स्टुलावर गप्प बसायचं. बाकीच्यांना कागदावरून जे कळेल ते कळेल, नाही कळलं तर चूक कागदाची. आम्ही त्याला मुकं स्टूल म्हणायचो. माझ्या चाचणीला मी त्या स्टुलावरून बघत होते, की गौरीने मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडलाय.

"मॅडम," रुखसार तक्त्यातून मान वर न करता म्हणाली, "हा बाबा मन वाचतोय का इन्कम टॅक्स भरतोय?"

सगळे हसले. स्टुलावर हसायला परवानगी असते, म्हणून मीही हसले.

पुढच्या रविवारी तिचा क्लास आला. वहीतलं एक रेघांचं पान. क्लासचं नाव "पाहुणा". पाहुण्याने सुरुवातीला सात चिठ्ठ्यांवर आपल्या सात आठवणी लिहायच्या. कुणाच्या मनात शिरायचं असेल, तर एक चिठ्ठी घडी घालून त्याच्या हातात द्यायची. ती आठवण आता त्याची. तो ती गोष्टीत स्वतःची म्हणून सांगणार, आणि पाहुण्याकडे ती उरणार नाही. बस, एवढंच. फासासुद्धा नाही. चाचणीत गौरी पाहुणा झाली होती. शेवटची चिठ्ठी देताना तिचा आवाज चिरकला... आणि कॅल्क्युलेटर कुणी काढला नाही.

"हे सुचलं कुठून तुला?" निखिलने विचारलं.

"त्यात काय सुचायचं?" रुखसार स्टुलावरून उठत म्हणाली. "कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जातो का आपण? मग मनात कसं जायचं?"

इतकं साधं. हे मला सुचलं नाही याचा राग आला, आणि मला ते कधीच सुचलं नसतं याचा जास्त आला. पण त्या पानातलं भोक मला दिसलं होतं. पाहुणाच मेला तर? त्याने वाटलेल्या आठवणी परत जातात, पुसल्या जातात, की राहतात? त्याबद्दल एक शब्द नव्हता. मी ते माझ्या वहीत लिहिलं आणि वही मिटली. मुक्या स्टुलावर त्या दिवशी रुखसार होती, पण गप्प बसले मी. आम्ही खेळाची पुस्तिका छापणार होतो, ती आली की कुणीतरी तिला हे विचारेल आणि तिला उत्तर देता येणार नाही, असं काहीसं माझ्या मनात होतं. काहीसं नाही, तेच होतं.

पुढे रुखसार पाहुणाच खेळायची. पात्राच्या म्हणून तिने लिहिलेल्या आठवणी तिच्या स्वतःच्या होत्या. निखिल राजा झाला, दरोडेखोर झाला, की ती त्याच्या मनात शिरायची, म्हणून चार चिठ्ठ्या त्याच्याकडे गेल्या. गौरीच्या योद्ध्याला दोन मिळाल्या. दोघं त्या स्वतःच्या म्हणून इतक्या सुंदर सांगायचे... वडिलांच्या ग्रीस लागलेल्या मुठीत लपवलेला पेढा, गच्चीवर डोळे मिटून नुसत्या भोंग्यावरून इंजिन ओळखणं. मी वाट बघत होते. मला एकच मिळाली, अगदी शेवटच्या रविवारी. मी उघडून वाचली. शाळेतल्या पाण्याच्या टाकीबद्दल काहीतरी होतं. मला वाटलं, चांगल्या चांगल्या वाटून झाल्या आणि उरलंसुरलं माझ्या पदरात. मी ती पेन्सिलींच्या पाऊचमध्ये कोंबली.

त्याच दिवशी चपला घालताना ती म्हणाली, "मॅडम, माझ्या पानात काहीतरी राहिलंय ना? चाचणीच्या दिवशी तू पेन्सिल चावत होतीस. तुला काही दिसलं की तू पेन्सिल चावतेस."

"नाही गं," मी म्हणाले. "पर्फेक्ट आहे."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग हसली. तिचं अंग तेव्हाच कसकसत होतं.

आम्ही मनमाडला पोचलो तोवर दफन झालं होतं. आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या. गौरी लासलगावची, तिला अशा वेळी काय करायचं ते कुणी शिकवावं लागत नाही. ती सरळ जाऊन रुखसारच्या आईच्या गळ्यात पडली, "अम्मी" म्हणाली. मी दाराशी उभी राहून तेवढंही बघत होते, की हिला कसं जमतं. मग आईने मला हाताने बोलावलं. "तू वो मॅडम है ना? बोलती थी वो... मॅडम को सब दिखता." मला तिच्याकडे बघता आलं नाही.

गेल्या रविवारी आम्ही पहिल्यांदा पुन्हा बसलो. मी पेरू घेऊन गेले होते. पुस्तिका छापायला द्यायची होती. निखिलने रुखसारचं पान टेबलावर ठेवलं, आणि मी ते भोक दाखवलं. कधीपासून माहीत होतं, तेही सांगितलं. निखिलने पान माझ्याकडे सरकवलं. म्हणाला, "आता तूच लिही." माझं उत्तर तयार होतं. पाहुणा मेला की आठवणी परत जातात. सगळ्या चिठ्ठ्या एका डब्यात जमा करायच्या.

"आणि डबा?" गौरीने विचारलं.

"मी ठेवीन."

"वा गं वा! माझ्या दोन मी देणार नाय." तिने आपल्या कागदांवर हात ठेवला. "पाहुणा गेला म्हणून त्याने आणलेला खाऊ परत करतं का कोणी?"

मी बराच वेळ पेन्सिल चावली. मग रुखसारच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं, "पाहुणा मेला तरी आठवण जिला दिली तिच्याकडेच राहते. तिने ती स्वतःची म्हणून सांगायची." निखिलने विचारलं, पानाखाली तुझंही नाव टाकू का? नको म्हणाले. ते म्हणायला वेळ लागला.

"मग सांग की तुझी," गौरी म्हणाली. "तुझी आम्ही कधी ऐकलीच नाही."

फ्रीजजवळचं स्टूल रिकामं होतं. मी पाऊचमधून चिठ्ठी काढली, एकदा वाचली, घडी घातली आणि नियमाप्रमाणे सांगितली. माझ्या शाळेत पाण्याच्या टाकीला साखळीने बांधलेला एक हिरवा मग होता. मधल्या सुट्टीत रांग लागायची. माझ्या पुढची मुलगी फार सावकाश पाणी प्यायची. तिच्या गळ्यात स्वतःची बाटली असायची, भरलेली, तरी तिला मगच हवा असायचा. मला तिचा भयंकर राग यायचा. तरी रोज मी रांगेत तिच्याच मागे जाऊन उभी राहायचे.