दादाची महाडची गाडी

दादाला ऐकू येणारे आवाज औषधांनी थांबले, तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचे. पण मग तो नुसता बसून राहू लागला. दात घासायला, आंघोळीला, जेवायलासुद्धा पुन्हा पुन्हा सांगावं लागे. "आळस हाय, दुसरं काय!" आई चिडायची. महाडच्या डॉक्टरांनी तिला समजावलं, "आळस नाही हा, आजी. स्किझोफ्रेनियाचाच भाग आहे. गेलेली उमेद गोळ्यांनी लगेच परत येत नाही. एखादं काम त्याचं त्याला करू द्या."

म्हणून ठरलं, दर महिन्याच्या इंजेक्शनला दादाने पोलादपूरहून एसटीने एकट्याने यायचं. मी महाडला नोकरी करते. मी त्याला स्टँडवर घ्यायचं.

पहिल्याच खेपेला आईचा फोन आला, "ष्टँडवर सोडला गो त्याला. मी घरी चालले." मी हाफ डे टाकून महाडच्या स्टँडवर जाऊन उभी राहिले. एक गाडी आली, दुसरी आली. उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघत होते. दादा नव्हता. फोन वाजत होता, पण तो उचलत नव्हता. चुकून खेडच्या गाडीत बसला असेल? कशेडी घाटात मध्येच उतरला असेल? आवाज परत आले असतील? घाटातल्या ट्रकांचा विचार आला. समोर लागलेल्या पोलादपूरच्या गाडीत मी चढले. वाटभर समोरून येणाऱ्या एसटीच्या खिडक्यांत त्याला शोधत राहिले.

तो पोलादपूरच्या स्टँडवरच होता. बाकड्यावर, पिशवी मांडीवर धरून.

"दादा, गाडी आली नाय का?"

"आल्या की."

"मग?"

त्याने पिशवी आणखी जवळ ओढली. मग म्हणाला, "उठायचं मनात येत होतं. अंगापर्यंत पोचत नव्हतं."

"आणि फोन?"

"वाजत होता. तुझाच हाय, कळत होतं."

मला रागावताही येईना. त्याच्या शेजारी बसून राहिले. महाडची गाडी लागल्यावर म्हटलं, "चल, मी उठते हं." मी उठले, तसा तोही उठला.

आता इंजेक्शनच्या दिवशी आई स्टँडवर मला फोन लावूनच त्याच्या हातात देते. "गाडी लागली? ऊठ दादा. चढ," मी इकडून सांगत राहते. कंडक्टरचा आवाज कानावर आला की जीव भांड्यात पडतो.

गेल्या महिन्यात मध्येच रेंज गेली. मी स्टँडवर तशीच उभी. गाडी आली, सगळे उतरले आणि शेवटी दादा, शर्टाची बटणं वरखाली लावलेला. म्हणाला, "तू बोलायची थांबलीस. तरी चढलो."

या खेपेला मात्र माझ्या सांगण्याने तो उठलाच नाही; घरी निघालेल्या आईलाच मी परत बोलावलं, तिला त्याला हाताला धरून चढवावं लागलं. पुढच्या महिन्याची धाकधूक आतापासूनच सुरू झालीय.