मुरंब्यात पडलेली तुरटी

माझे सासरे, म्हणजे बाबा, कारखान्याच्या पाणी शुद्धीकरण विभागातून निवृत्त झाले, पण तुरटी काही त्यांच्या हातून सुटली नाही. पिपलानीच्या आमच्या घरात फिल्टर बसवून वर्षं झाली, तरी ते बादलीत तुरटीचा खडा फिरवतातच. दाढी झाली की तोच खडा गालावर. कापड रंगवायला, कागद बनवायला, कातडी कमावायला तुरटी कशी लागते, हे त्यांनी आमच्या दूधवाल्यालासुद्धा समजावलंय.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीला बघायला सोनागिरीहून मंडळी येणार होती, म्हणून मी आवळ्याचा मुरंबा करायला घेतला. आवळे टोचून तुरटीच्या पाण्यात भिजवले की त्यांचा तुरटपणा कमी होतो आणि पाकात ते फुटत नाहीत. तुरटी मात्र चिमूटभरच घालायची आणि नंतर आवळे चार पाण्यांनी धुवायचे.

"दोन किलोंना एवढीशी?" बाबांनी विचारलं.

"पुरते, बाबा."

मी भाजीला गेल्यावर त्यांनी लिंबाएवढा खडा आत सोडला. धुवायचं काम मी नवऱ्याला सांगितलं होतं. त्याने आवळे एकदा नळाखाली धरले आणि धुतले म्हणून सांगितलं. गडबडीत मीही चव बघितली नाही.

मंडळी आली. मुलाचे वडील बोलके होते. त्यांची युरोपची सहल तासभर चालली आणि मुलाला, मुलीला तोंड उघडायला जागाच मिळेना. मी मुरंब्याच्या वाट्या आणल्या. विमानतळावर बॅग हरवल्याचं सांगता सांगता त्यांनी अख्खा आवळा तोंडात टाकला आणि बॅग तिथेच राहिली. त्यांचे ओठ आत ओढले गेले, जीभ टाळूला चिकटली. मुलाच्या आईने अर्धा आवळा खाऊन वाटी हळूच खाली ठेवली.

"ताई, यात काय घातलंय?"

मी काही म्हणायच्या आत बाबा पुढे सरसावले. "तुरटी. मीच थोडी वाढवली होती." मग गढूळ पाण्यातला गाळ तुरटी कसा एकत्र धरते आणि खाली बसवते, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. मुलाच्या वडिलांना मधे बोलता येत नव्हतं. आमच्या घरात ते व्याख्यान पहिल्यांदाच कुणीतरी पूर्ण ऐकलं.

तेवढ्यात मुलाने निमूटपणे दुसरा आवळा खाल्ला. माझी मुलगी हसायला लागली. मग ती दोघं पाणी प्यायच्या निमित्ताने गॅलरीत गेली आणि अर्धा तास तिथेच बोलत उभी राहिली.

मंडळी गेल्यावर मी तिला विचारलं, "कसा वाटला?"

"दुसरा का खाल्लास म्हणून विचारलं त्याला. म्हणाला, आजोबा माझ्याकडे बघत होते."

तिने होकार दिला. दोन दिवसांनी तिकडूनही आला. फोन मुलाच्या वडिलांनीच केला होता आणि तो पाऊण तास चालला.