खजिन्याचा पहारा

मोहाच्या फुलांचा वास आला का मले इंग्रजाच्या राज्यातला तो दिवस आठवते. मेहकरच्या कचेरीत सरकारी खजिन्यावर पहारेकरी म्हणून माझं नाव लागत आलं होतं. रोजमजुरी सुटनार म्हणून बायको खुश होती. माझं चालचलन पाहाले जमादार जानेफळले आला. चावडीपाशी त्यानं माझ्या सासऱ्याले इचारलं, "जावई पेते का?" सासरा भला माणूस, माझी बाजू घेत म्हणे, "पेते साहेब, पण पेल्यावर खोटं बोलत नाही. पोटातलं सारं सांगते." जमादार हासला. "मंग बुवा, खजिन्याची किल्ली कुठं असते थेही सांगीन." नोकरी तिथंच गेली. बायको मले सोडून बापावरच चिडली. दारू तं मी कवाच सोडली, पण जमादार चुकला असं म्हणवत नाही. आज पेलेलो नाही, कोनी इचारलंही नाही, तरी सारं सांगून राह्यलो.