काका रेघेच्या आत पळाले

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मी, आणि माझ्यामागून माझी चुलत बहीण. मी मार्कांवर गेलो, ती पायांवर गेली. जालन्याला कॉलेजांच्या मैदानी स्पर्धा होत्या. कुठल्याही एका शर्यतीत पहिल्या दोघींत आली, तर विद्यापीठाच्या संघात तिची निवड होणार होती. तिचं शेवटचं वर्ष होतं. पुन्हा संधी नव्हती.

ती आदल्या दिवशीच कॉलेजच्या मुलींबरोबर गेली होती. काकांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, धावड्याहून भाड्याने क्रूझर गाडी केली आणि गावातले चार-पाच जण, मी, असे निघालो. सगळे शंकरपटाचे शौकीन. बैलांच्या शर्यतीला ते असेच गाडी भरून जातात. माणसांची शर्यत मात्र कोणी मैदानावर जाऊन पाहिली नव्हती. खरं तर मीही नाही. माझ्या कॉलेजात मैदान नाही, पार्किंग आहे.

राजूरच्या पुढे एका टेम्पोने आमचा आरसा उडवला. काकांनी गाडी आडवी लावायला सांगितली. टेम्पोवाल्याला कॉलर धरून खाली ओढलं आणि दोन मुस्काटात दिल्या. त्याची चप्पल नालीत पडली. ती काढायला तो वाकला, तर काकांनी पाठीत लाथ घातली. गाडीत परत बसल्यावर ड्रायव्हर काकांना म्हणाला, "नाना, आरसा माझा गेला अन् दम तुम्हाला लागला." सगळे हसले. मला बरं वाटलं नाही, तरी मीही हसलो असेन.

सकाळची शर्यत पंधराशे मीटरची होती. बहीण चौथी चालली होती. "माघं पडून राह्यली," असं म्हणत काकांनी फक्कीची रेघ ओलांडली आणि गमजा फिरवत तिच्या शेजारून पळू लागले. मागून आणखी दोघं. पटात असंच करतात. जोडी मंदावली की मालक कडेने पळतो, लोक शिट्ट्या मारतात. इथे पंचाने थांबवायला शिट्टी वाजवली. काकांना वाटलं, आपल्याला जोश देऊन राह्यलेत. ते आणखी जोरात पळाले. गमजाचा फटका तिच्या पोटरीवर बसताना मी पाहिला. "हाण माय, हाण," ते ओरडत होते.

ती दुसरी आली. पंचाने तिला बाद केलं.

"बाद म्हंजे?" काकांनी विचारलं.

"तिचा नंबर धरणार नाही. बाहेरच्या माणसाने सोबत पळायचं नसतं. तुम्ही पळालात."

"मी पळालो ना? मंग मला बाद करा."

पंचाला हसू आलं. त्या हसण्यावरच काकांनी ठोसा मारला. चष्मा उडाला, ओठ फुटला. दुसऱ्या कॉलेजची गोळाफेकीची पोरं धावून आली. आमच्या लोकांनी झेंड्यांचे बांबू उपसले. एका पोराच्या कपाळातून रक्त आलं, आमच्यातल्या एकाला चौघांनी मातीत घालून तुडवलं. मी हात वर करून "थांबा, थांबा" म्हणत होतो. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

शेवटी पंच ओठावर रुमाल धरून म्हणाले, "पोरीचा दोष नाही. दुपारी पाच हजार मीटर आहे, पळू दे तिला. पण हे लोक फाटकाच्या आत दिसले, तर ती बाहेर."

बहीण माझ्याकडे आली. वडिलांकडे तिने पाहिलंही नाही.

"भाऊ, यांला बाहेर ने."

"माझं ऐकतील का?"

"ऐकायचं कोन म्हनतंय? धर अन् ने."

तेव्हा काका आले मुकाट्याने, मागून बाकीचेही. दुपारपर्यंत फाटकाबाहेर गाडीत बसले. मग भोंग्यावर पाच हजारची घोषणा झाली आणि काका उठले. "तिथं पोरगी एकटी हाय." मी दार अडवलं. पहिला फटका कानावर बसला. मी त्यांना कमरेतून मिठी मारली. काकांच्या अंगाला मी कधी हात लावला नव्हता, पाया पडण्यापुरता सोडला तर. त्यांनी डोकं माझ्या नाकावर आपटलं. तोंडात रक्त आलं. मी त्यांचा हात मागे पिरगाळला आणि गाडीच्या पत्र्यावर त्यांना दाबून धरलं. शर्यत लांबच लांब चालली होती. ते जितकी धडपड करत, तितका मी जोर लावत होतो. त्यांच्या खांद्यात काहीतरी कट्कन वाजलं.

"सोड रे, मोडशील त्यांला," ड्रायव्हर म्हणाला.

मी सोडलं नाही. मला सोडावंसं वाटलंही नाही. हे लिहिताना अजून भीती वाटते.

भोंग्यावर निकाल आला. पहिल्या नंबरला दुसऱ्या कॉलेजची मुलगी, दुसरी आमची. तेव्हा मी हात काढले.

बहीण फाटकातून आली. माझं नाक पाहिलं, वडिलांचा लोंबणारा हात पाहिला. "मी धर म्हन्ले व्हते, भाऊ," ती हळूच म्हणाली, आणि वडिलांना दुसऱ्या बाजूने आधार देऊन गाडीत बसवलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "हे कसं झालं?"

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरगी निवडल्या गेली, त्याच्यात झालं."