पॉइंटवाले तात्या आणि वळणावरचा कट्टा

पॉइंटवाले तात्या समुद्राकडे पाठ करून बसत. किल्ला असो, दीपगृह असो की मांडवीची जेटी, त्यांच्या रिक्षातून पॉइंट पाहायला आलेली माणसं ज्या दिशेला बघायला धावत, तिच्या बरोबर उलट तोंड करून तात्या कठड्यावर टेकणार आणि त्या माणसांचे चेहरे बघत राहणार. बायको नवऱ्याला काय दाखवते, पोरं कशाला बोट करतात, कोण नुसताच मोबाईल वर धरून उभा आहे, हे सगळं ते निवांतपणे न्याहाळत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "तिकडं काय हाय ते मला पाठ हाय, वहिनी. नवीन असतं ते माणसाचं तोंड."

माझं मांडवीच्या बाजूला चार खोल्यांचं लॉजिंग आहे. लॉजिंग म्हणायचं आपलं. सासऱ्यांनी बांधलेल्या घराचा वरचा मजला आहे तो. हातखंब्याला हायवे सोडून आत आलेली पाहुणेमंडळी अंग आंबून येतात, पिशव्या टाकतात आणि पाणीसुद्धा न पिता विचारतात, "एका दिवसात काय काय होईल?" होईल, म्हणजे उरकेल. रत्नदुर्ग, भगवतीचं देऊळ, पॅलेस, भाट्ये, जमलं तर आरे-वारेवरून गणपतीपुळे, आणि रात्री परत निघायचं. इतकी वर्षं हा प्रश्न ऐकून माझे कान किटले आहेत. उत्तर द्यायचा कंटाळा आला की मी तात्यांना हाक मारायची.

तात्या यादी शांतपणे ऐकून घेत आणि तिच्यातली निम्मी ठिकाणं गाळून टाकत. "चार जागा दाखवीन. पाचवी मागितली तर आदली विसराल." कुणी फारच अडून बसलं तर म्हणत, "घाई असली तर फोटो बघा, घरी पडून दिसतात." माणसं आधी रागवायची. संध्याकाळी परत येताना मात्र त्यांचा आवाज खाली आलेला असायचा. किल्ल्यावर तात्यांनी त्यांना अर्धा तास नुसतं बसवून ठेवलेलं असायचं. बसण्याचं तात्यांना भारी अप्रूप. तरुणपणी ते गावातल्या इतर पुरुषांसारखेच मुंबईला गेले होते, एका कँटीनमध्ये चार वर्षं राबले आणि परत आले. कारण विचारलं तर सांगत, "निजायला जागा होती. बसायला नव्हती."

त्यांच्या चार जागांतली शेवटची कुठल्याही माहितीपत्रकात नव्हती. खाडीकडून शहरात येणारा चढ पॅलेसच्या खाली जिथे वळतो, तिथे रस्त्याच्या कडेला जांभ्या दगडाचा एक कट्टा होता. माणसाच्या छातीएवढा उंच, वरून सपाट, कोपरे झिजलेले. तात्या तिथे रिक्षा थांबवून सांगत की ब्रह्मदेशचा राजा इथल्या पॅलेसमध्ये कैदेत होता तेव्हा रोज संध्याकाळी या कट्ट्यावर येऊन बसायचा, खाडीतून बाहेर पडणाऱ्या गलबतांकडे बघायचा आणि आपल्याला न्यायला येणारं गलबत यातलं कुठलं असेल, याचा विचार करायचा. ही गोष्ट त्यांना त्यांच्या आधीच्या एका टांगेवाल्याने सांगितली होती. ती ऐकून बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग सगळे एकमेकांना धरून धरून वर चढायचे आणि फोटो काढायचे. 'राजाची बैठक' हे नाव असं पसरलं की इतर रिक्षावालेही तिथे थांबू लागले. मीही लॉजिंगच्या जिन्यात त्या कट्ट्याचा फोटो चौकट करून लावला. एवढ्या उंच दगडावर राजा रोज चढत कसा असेल, हे आमच्यापैकी कुणालाही सुचलं नाही.

सुचलं ते एका म्हातारीला. ती खाडीवरून मासळीची पाटी डोक्यावर घेऊन शहरात विकायला जायची; तात्या तिला बाजाराच्या वाटेवर रोज बघत, पण कधी बोलणं झालेलं नव्हतं. त्या दिवशी साताऱ्याकडचं एक कुटुंब कट्ट्यावर चढलं होतं आणि तात्या राजाचं दुःख रंगवून सांगत होते. म्हातारी खाली उभी राहून ऐकत होती. शेवटी तिला हसू आवरेना. "राजा? ह्यावर? आरं बाबा, उतरा आधी सगळी. माजी पाटी टेकायची हाय."

माणसं ओशाळून उतरली. म्हातारी कट्ट्याकडे तोंड करून उभी राहिली, थोडी वाकली, आणि डोक्यावरची पाटी अलगद सरकून कट्ट्यावर गेली. तिने घाम पुसला, श्वास घेतला, मग तशीच डोकं खाली घालून पाटी परत डोक्यावर ओढून घेतली. कुणाच्या हाताची गरज पडली नाही. "भरल्या पाटीला भुईवरनं उचलून डोक्यावर द्यायला दुसरं माणूस लागतं," ती म्हणाली. "एकटी बाय काय करणार चढावर? म्हणून माज्या सासवेनं न् तिच्या जोडीच्या बायकांनी गवंड्याकडनं हा बांधून घेतलान. तुमच्या राजाला पाटी व्हती काय डोक्यावर?"

तात्या त्याच संध्याकाळी माझ्याकडे आले. चहा समोर ठेवला तरी हात लावला नाही. "वहिनी, आजपासनं बैठक बंद," म्हणाले. "इतकी वर्षं मी लोकांना थापा मारल्या." मी हसण्यावारी नेलं. पाहुण्यांना गोष्ट आवडते, त्यात कुणाचं काय जातं, असं मी म्हणाले. तात्या चहा तसाच टाकून निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते वळणावर थांबून खरं तेच सांगू लागले. हा बायकांचा कट्टा, इथे पाट्या टेकतात, कोपरे झिजलेत ते पाट्यांनी. मी पण राजाचा म्हणून सांगायचो, ते चूक. माणसं "अच्छा" म्हणायची आणि रिक्षातून खाली उतरायची नाहीत. जिन्यातला फोटो बघून मुद्दाम आलेले एक गृहस्थ माझ्याशी वाद घालून गेले. मीही मग कंटाळून पाहुण्यांना दुसऱ्या रिक्षावाल्याकडे पाठवू लागले. तो बिनदिक्कत राजा सांगायचा. हे लिहिताना मला लाज वाटते. तात्यांनी मात्र त्याबद्दल कधी शब्द काढला नाही.

पुढच्या वर्षी चढाचा रस्ता रुंद करायचं आणि वळणावर पर्यटकांच्या गाड्यांना जागा करायचं ठरलं. मोजमाप घ्यायला आलेला साहेब तरुण आणि सभ्य होता. वाटेत काही ऐतिहासिक असेल तर ते तसंच ठेवून बाजूला फलक लावू, असं त्याने सांगितलं. कट्ट्याविषयी त्याने चौकशी केली तेव्हा सगळ्यांनी एकच नाव घेतलं: तात्यांना विचारा.

साहेब तात्यांना भेटायला यायच्या आदल्या दिवशी मी स्वतः त्यांना गाठलं. म्हटलं, "एवढं एकदाच राजाचा म्हणा. तुमच्या त्या म्हातारीसाठी म्हणा. कट्टा वाचेल." ते रिक्षाची काच पुसत राहिले. मग म्हणाले, "बगतो."

सकाळी आम्ही पाच-सहा जण वळणावर होतो. तात्या म्हातारीला रिक्षात घालून घेऊन आले होते. साहेबाने विचारलं, "हा राजाचा कट्टा ना?" तात्या म्हणाले, "नाय. ह्यांचा." आणि म्हातारीला पुढे केलं. तिने पाटी टेकून दाखवली, सासूचं सांगितलं. साहेबाने सगळं ऐकलं, मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. जाताना आमच्यापैकी एकाला हळूच म्हणाला की याला ऐतिहासिक म्हणता येणार नाही. आठवड्याभराने जेसीबी आला. इतक्या बायांचा भार सोसलेला तो कट्टा पाव तासात उखडला गेला.

रिक्षास्टँडवर तात्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं. स्वतःच्या आणि आमच्याही पोटावर पाय दिलात, असं एकाने तोंडावर सांगितलं. तात्या भांडले नाहीत. पण त्यानंतर ते थकलेच. गुडघ्यांचं निमित्त झालं, सकाळी रिक्षा काढायला उशीर होऊ लागला, मग ती विकली. विरारला मुलीकडे जायचं ठरलं तेव्हा निरोप घ्यायला आले. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "तात्या, तुम्ही राजाचा म्हणाला असतात तर कट्टा राहिला असता."

"ऱ्हायला असता की," ते म्हणाले. "राजाचा म्हणून. फलक लावून, साखळी बांधून. मग ती पाटी टेकायला गेली असती तर तिला कोणी टेकू दिली असती काय?" पुढे म्हणाले, "राजाला वाडा हाय, वहिनी. लोक बघतात. ह्या बायांचा तेवढाच एक दगड व्हता, तो पण आपण राजाला देऊन टाकलेला." त्यांनी चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेले. दोन पावसाळ्यांनंतर ते वारल्याची बातमी मुलीने फोनवर दिली. त्या दिवशी लॉजिंग भरलेलं होतं. मला नीट रडताही आलं नाही.

गेल्या महिन्यात एक पाहुणे नाश्त्याला बसले ते तणतणतच. पॅलेस बघायला जाताना त्यांनी आपली नवी मोठी गाडी वळणावर लावली होती. परत येऊन बघतात तर एक म्हातारी बॉनेटवर माशांची पाटी टेकवून खुशाल दम खात उभी. ओरडले तरी हलेना. तुमच्या गावातल्या लोकांना काही रीतभात आहे की नाही, असं मला विचारू लागले.

मी म्हणाले, "गाडी तुम्ही तिच्या जागेवर लावली होतीत."

त्यांना काही कळलं नाही. मी त्यांना बसवून घेतलं आणि सगळं सांगितलं, कट्टा कुणी आणि कशासाठी बांधला होता इथपासून. राजाचं नाव आम्हीच कसं चिकटवलं, तेही. ते "अच्छा" म्हणाले आणि गाडी धुवायला बादली मागितली. मी दिली. मग स्वयंपाकघरात जाऊन एकटीच बसले. तात्यांना हे सांगायला हवं होतं. म्हातारी अजून तिथेच पाटी टेकते, हे ऐकून त्यांना फार बरं वाटलं असतं.