सरांचा आवाज आणि बाईंची रीत

सौ. निर्मलाबाई पाटील यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात माझाही लेख असावा, असं संपादक मंडळींनी ठरवलं. मी आमच्या गावच्या इतवारा बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. लिहिण्याशी माझा संबंध शाळा सुटली तेव्हाच सुटला. तरी नाही म्हणालो नाही. कारण बाईंविषयी मला जे सांगायचं आहे, ते दुसरं कोणी सांगू शकणार नाही. त्यात माझी फजिती आहे, आणि फजिती आपली आपणच सांगितलेली बरी. दुसऱ्याने सांगितली की ती वाढते.

बाईंची आणि माझी ओळख सहावीतली. गणिताच्या पहिल्याच चाचणीत माझी सगळी उत्तरं बरोबर होती आणि बाईंनी मला भोपळा दिला. मी वही घेऊन तावातावाने टेबलापाशी गेलो. बाईंनी विचारलं, "रीत कुठे आहे?" मी म्हणालो, "बाई, तोंडी केलं." तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मग मार्कही तोंडीच घे." अख्खा वर्ग खिदळला. त्यानंतर उत्तराखाली ताळा करणं आलं. भागाकार झाला की गुणून बघा, वजाबाकी झाली की मिळवून बघा. "उत्तर आलं म्हणजे गणित झालं नाही, ताळा जमला म्हणजे झालं," असं त्या रोज म्हणत. मला त्यांचा असा राग यायचा की काय सांगू!

त्यांचे यजमान मधुकर सर आमच्याच शाळेत मराठी शिकवत. सरांचा आवाज भरदार. शेजारच्या वर्गात ते धडा वाचायला लागले की आमच्या वर्गातलं गणित बंद पडायचं. बाईही खडू हातात धरून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. आम्हाला वाटायचं, बाई विचार करतायत. दोघेही निवृत्त झाले, तापीच्या राजघाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत घर बांधून राहिले. पुढे लॉकडाऊन लागला. जवळच्या दापोरा गावातल्या शाळेच्या एका शिक्षकांनी सरांना विनंती केली की पोरं घरी बसून आहेत, धडे तरी ऐकवा. सर रोज सकाळी घरच्या कॉम्प्युटरसमोर बसून धडा रेकॉर्ड करायचे आणि मुलांच्या आईबापांच्या फोनवर पाठवायचे. शाळा उघडल्या तरी त्यांनी ते थांबवलं नाही. केळीच्या मळ्यात बसून लोक सरांचे धडे ऐकत.

मग एके दिवशी सरांना झटका आला. उजवी बाजू गेली, ती फिजिओथेरपीने थोडीफार परत आली. वाचा मात्र आली नाही. त्यांना सगळं समजतं, ओळखतात, पेपर वाचतात, पण बोलायला गेले की शब्द येत नाही. ज्या माणसाने जन्मभर बोलण्याचं काम केलं, त्याच्या घरात बोलणंच संपलं.

त्या वर्षी बाई एकदा दुकानात आल्या. रिक्षातून उतरल्या तेव्हा हातात धुतलेल्या चादरीत बांधलेलं काहीतरी होतं. तो त्यांचा कॉम्प्युटर होता. काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "दिलीप, हा सुरू होत नाही. यात सरांचा आवाज आहे. तो मला पाहिजे."

वाचकहो, मी ते मशीन फक्त दहा मिनिटं पाहिलं. दुकानात गर्दी होती, दोन गिऱ्हाइकं डोक्यावर उभी राहून "भैया, कितना टाइम लगेगा" करत होती. जिच्यात सगळं साठवलेलं असतं ती डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, ती कुरकुरली, मी काढली. "बाई, डिस्क गेली. फेकून द्या. नवी बसवून देतो."

"गेली म्हणजे कुठे गेली?" बाईंनी विचारलं. "ती तर फिरून राहिली आहे. मला आवाज येतोय."

"ते फिरणं काही कामाचं नाही, बाई."

"तू ताळा केलास?"

पन्नाशीला आलेला माणूस मी, आणि भर दुकानात माझे कान गरम झाले. बाईंनी मशीन पुन्हा चादरीत बांधलं आणि निघून गेल्या.

त्यांनी आधी दापोऱ्याला निरोप धाडले. पोरांच्या घरचे फोन बदलले होते, जागा पुरत नाही म्हणून जुनं सगळं पुसलं होतं. सापडले तीनच धडे. मग आठवड्याभराने बाई परत आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "लिनक्स तुला येतं का?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटर चालवायला आपण बहुतेक जण विंडोज वापरतो, तशीच लिनक्स ही दुसरी व्यवस्था. फुकट मिळते, आणि तिच्यात काय चाललंय ते कुणालाही उघडून पाहता येतं. शिवाय ती पेनड्राईव्हवर घेतली तर आतल्या डिस्कला हात न लावता त्यावरूनच मशीन चालू करता येतं. हे मला ऐकून माहीत होतं. केलं कधी नव्हतं. म्हणून मी हसलो. म्हणालो, "बाई, ते इंजिनियर लोकांचं काम आहे."

"माझी गणितातली पदवी आहे. चालेल का?"

मी इंटरनेटवर बघत बघत त्यांच्यादेखत लिनक्सचा पेनड्राईव्ह बनवून दिला. मनात म्हटलं, म्हातारपणी दुःखात माणूस काहीतरी धरून बसतो, बसू द्यावं. त्या विचाराची आज मला लाज वाटते.

पेनड्राईव्हवरून मशीन चालू करायचं तर सुरू होताना नेमक्या क्षणी एक बटण दाबावं लागतं. बाईंनी घरी त्यासाठी एक चौकटीची वही केली. ती वही मी पाहिली आहे. डावीकडे काय केलं, उजवीकडे काय झालं. "सुरू होताना बटण दाबलं, उशीर झाला." "पुन्हा दाबलं, लवकर झालं." असं तब्बल एकवीस वेळा. बाविसाव्या ओळीत फक्त "दिसलं" एवढाच शब्द आहे. लिनक्सचा पडदा आला आणि त्यात ती डिस्क दिसली, जिला मी फेकायला सांगितलं होतं.

दुसरा कोणी असता तर घाईघाईने फायली ओढायला लागला असता. मी तर नक्कीच! बाईंनी एक धडा ओढून पाहिला, तो मध्येच अडकला, आणि त्या तिथे थांबल्या. हात आवरता येणं ही माझ्या धंद्यातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. इंग्रजी, हिंदी जे मिळेल ते वाचून त्यांनी शोधून काढलं की मरणाऱ्या डिस्कला फार वेळा विचारू नये. आधी तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवावी आणि मग जे शोधायचं ते नकलेत शोधावं. त्यासाठी माझ्याकडून नवी डिस्क नेली. कशाला पाहिजे, तेही मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही, म्हणून गेलो. टेबलावर मशीनबाहेर काढलेली जुनी डिस्क, ती तापू नये म्हणून समोर टेबलफॅन लावलेला, भिंतीवरच्या बटणावर चिठ्ठी: "हात लावू नये. सर बोलत आहेत." पडद्यावर आकडे हळूहळू सरकत होते. कुठे अडलं की तो भाग सोडून पुढे जायचं आणि शेवटी पुन्हा त्याच भागाकडे वळायचं, असं चाललं होतं. बाई म्हणाल्या, "परीक्षेत न येणारं गणित सोडून पुढे जा म्हणायची ना मी तुम्हाला? ह्याला कोणी शिकवलं कुणास ठाऊक." पलीकडे खाटेवर सर त्या आकड्यांकडे एकटक पाहत होते. मी तसाच दुकानात गेलो आणि माझा इन्व्हर्टर उचलून आणला. लाईट गेली असती तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

पाचव्या दिवशी नक्कल पुरी झाली. मोजके धडे सोडले तर सगळे परत मिळाले. बाईंनी पहिला धडा लावला तेव्हा मी तिथेच होतो. सरांचा तो भरदार आवाज खोलीत भरला आणि सरांनी स्वतःचा डावा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला. मी बाईंच्या पाया पडलो. त्या म्हणाल्या, "ऊठ, आधी दुसरी नक्कल करू."

इथवरच झालं असतं तरी मी हा लेख लिहिला असता. पण बाई थांबतात थोड्याच! त्यांनी त्या मशीनवर लिनक्स कायमचं बसवलं. माझ्या भंगारातून एक मशीन निवडून नेलं आणि कोनाड्यात ठेवलं. ते दिवसरात्र चालू राहतं, आणि घरातल्या कुठल्याही फोनवरून त्यातलं काहीही ऐकता येतं. स्वयंपाकघर, बैठक आणि गच्ची या तिन्ही ठिकाणी जुने स्पीकर जोडले. धड्यांची एक नक्कल दापोऱ्याला एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी ठेवली. दर महिन्याला त्या नकलेतला कुठलाही एक धडा त्याला फोनवर वाजवायला लावतात. ताळा, दुसरं काय?

आणि मग त्यांनी सरांना दिवसभरात लागणाऱ्या शब्दांची यादी केली. पाणी. चहा. पंखा. पुरे. हो. नको. एकेक धडा पुन्हा पहिल्यापासून ऐकत त्यातून हे शब्द वेचून काढले. "पाणी" नदीच्या धड्यात मिळालं. "पुरे" एका गोष्टीतल्या राजाच्या तोंडी होतं. पण खरं घबाड मिळालं ते धडा चालू असताना सर मध्येच इकडेतिकडे जे बोलले त्यात. "चहा झाला का?" "दार लोटा, कुत्रं येऊन राहिलं." बाईंनी हे सगळं कापून एका पानावर मोठ्या मोठ्या बटणांत बसवलं आणि ते पान उघडलेला एक टॅब सरांच्या डाव्या हाताशी ठेवला. बटण दाबलं की घरातल्या तिन्ही स्पीकरमधून सर बोलतात, स्वतःच्या आवाजात.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. भेटायला पाच-सहा नातेवाईक आले होते आणि सगळे एकदम कोलाहल करत होते. सरांनी पाण्याचं बटण दाबलं. बाईंनी फाईलचा नंबर चुकवला होता. तिन्ही स्पीकरमधून गर्जना झाली, "गप्प बसा रे!" घर चिडीचूप. एका मावशींनी तर डोक्यावर पदर घेतला. आणि सर हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. बाईंनी चूक दुरुस्त केली, पण "गप्प बसा रे" ला वेगळं बटण दिलं. ते आजही बरंच वापरलं जातं.

एक शब्द मात्र मिळत नव्हता. मी विचारलं, "बाई, तुम्हाला हाक मारायचं बटण कुठे आहे?" बाई म्हणाल्या, "शोधून राहिले आहे." सगळ्या धड्यांत कुठेही "निर्मला" नव्हतं. असणार कसं? आपल्याकडे त्या पिढीतले पुरुष बायकोचं नाव घेतच नाहीत. मला वाटलं, चला, एक तरी काम माझ्या वाट्याला आलं. म्हणालो, "बाई, आता कॉम्प्युटरला माणसाचा आवाज शिकवता येतो. नमुने खंडीभर आहेत. संध्याकाळपर्यंत सरांच्या आवाजात 'निर्मला' म्हणवून दाखवतो."

बाईंनी चष्मा काढला. "पन्नास वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारली नाही, दिलीप. जे ते बोललेच नाहीत, ते मी त्यांच्या तोंडी घालू? मग ते बोलतील का मशीन?"

मी गप्प बसलो. त्यासाठी बटणाची गरज पडली नाही. पुढे पंधरा दिवसांनी एका धड्याच्या मध्यावर बाईंना हवं ते सापडलं. बाहेरून ट्रॅक्टर जात होता आणि सर धडा थांबवून म्हणाले होते, "ऐकलं का? जरा खिडकी लाव." बाईंनी त्यातलं "ऐकलं का?" तेवढं घेतलं. इतकी वर्षं सरांची त्यांना हाक हीच होती.

गेल्या महिन्यात कोनाड्यातल्या मशीनचा पंखा बदलायला गेलो होतो. बाई स्वयंपाकघरात होत्या. तिन्ही स्पीकरमधून हाक आली, "ऐकलं का?" बाई "आले हो!" म्हणत हात पुसत सरांकडे गेल्या. पाणी हवंय? सरांनी मान हलवली. पंखा? नाही. पेपर? नाही. बाई त्यांच्यासमोर हातभर अंतरावर उभ्या होत्या. सरांनी त्यांच्याकडे पाहत पुन्हा तेच बटण दाबलं. "ऐकलं का?"

बाईंना आता कळलं की सरांना काहीच नको होतं, नुसती हाक मारायची होती. त्यांनी स्टूल ओढलं, सरांचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "ऐकतेय. बोला."

मी हातातला स्क्रूड्रायव्हर तिथेच ठेवून बाहेर आलो. खोटं कशाला बोलू, अंगणात उभा राहून रडलो. माझ्यासारख्या अडाण्याने जे दहा मिनिटांत फेकून द्यायला सांगितलं होतं, ते त्या खोलीत बोलत होतं.

बाई, तुम्हाला आणि सरांना धडधाकट, उदंड आयुष्य लाभो. त्या घरात ती हाक रोज उठो, आणि "आले हो" म्हणायला तुम्ही कितीतरी वर्षं तिथे असा. तापीमाईकडे माझं एवढंच मागणं आहे.